नऊ नंबरची कुपी

दि. १४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. बघ, हाताला सवयच इतकी की हे वाक्य आपोआप उतरलं. वहिनीने विणलेला स्वेटर मिळाला. बाह्या लांब झाल्यात, पण माप मीच चुकीचं सांगितलं असणार. तुला सूप तरी पचतं का रे?

परवा फोनवर तू विचारलंस, "तुझ्या लॅबमधली ती तपासणी काय म्हणते गं?" मी म्हटलं, अजून व्हायची आहे. खोटं बोलले. मंगळवारीच झाली.

शरीरातल्या सगळ्या पेशींत जनुकं तीच असतात. कोणती जागी आणि कोणती झोपलेली, एवढंच आम्ही मोजतो. त्यावरून जठराचा कॅन्सर कोणत्या जातीचा, औषधाला दाद देईल की नाही, याचा अंदाज बांधतात. तुझ्या गाठीत नेमकी नको ती जागी आहेत. औषधाची आशा फार थोडी आहे, दादा. शुक्रवारी डॉक्टर हेच आडवळणाने सांगतील. आधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं.

पण पत्र तेवढ्यासाठी नाही.

दोन वर्षांपूर्वी जळजळ होते म्हणून तू पोटात दुर्बीण घालून घेतलीस, आठवतं? आम्हाला तेव्हा तुलनेसाठी निरोगी जठराच्या अस्तराचे बारा तुकडे हवे होते. मी तुझ्या मागे लागले. "घे बाई, माझं पोट विज्ञानाला दान!" म्हणत तू सही ठोकलीस. कुप्यांवर नावं नसतात. तुझी नऊ नंबरची, हे फक्त मला माहीत होतं.

अकरा तुकडे एकसारखे आले. तुझा वेगळाच. डॉक्टरांना तर दुर्बिणीतून सगळं स्वच्छ दिसलं होतं, मग मला एवढंच सुचलं की हा आपला आलेख बिघडवतोय. बर्फात ठेवायला उशीर झाला असेल, असं मीच ठरवून टाकलं आणि वहीत लिहिलं, "नमुना खराब. वगळला." शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला हसून म्हणालेसुद्धा, "माझाच भाऊ तो, जगाच्या उलटा चालणार!" पुन्हा तपासायला एक दिवस लागला असता.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. "काय गं, पास की नापास?"

"पास रे, पहिल्या नंबराने."

उरलेला अर्धा तुकडा अजून फ्रीझरमध्ये होता. काल तो तपासला. खराब निघू दे, खराब निघू दे, असं मशीनसमोर बसून पुटपुटत होते. तो उत्तम होता. आज गाठीत जे दिसतंय, त्याची सुरुवात तेव्हाच त्यात दिसत होती.

लॅबच्या प्रमुख असलेल्या आमच्या बाईंना सगळं सांगितलं. त्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं, तो कुणीही वगळला असता." असेलही. पण मी कुणीही नव्हते ना रे. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर दिवा माझ्याच हातात होता. तुझ्यापुढे हे सांगायलाही लाज वाटते.

वहिनीला हे दाखवायचं की नाही, तू ठरव. शुक्रवारी मी येतेय. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसून राहीन. हव्या तेवढ्या शिव्या घाल. फक्त नेहमीसारखं "जाऊ दे गं" म्हणू नकोस.

तुला पास करणारी,
तुझी धाकटी