एक ओळ खाली

बाबांना नमस्कार,

मी ठणठणीत आहे, हे आधी सांगते. कॉलेजने तासांना सूट देऊन आम्हाला मतदान केंद्रावर मदतीला पाठवलं होतं; माझ्याकडे मतदारयादीत खुणा करायचं काम होतं. जेवणही वेळेवर मिळालं. आई विचारेलच.

दुपारी एक जण आला, तर यादीत त्याच्या नावापुढे आधीच खूण! "माझं मत कोणी दिलं?" रांग खवळली. मी यादी जवळ ओढून पाहिली. खुणेशेजारी सही त्याच्या वडिलांची होती, आणि त्यांचं नाव वरच्याच ओळीत. सकाळी मीच एक ओळ खाली खूण केली होती. उठून सगळ्यांदेखत तसं सांगितलं, तेव्हा त्याला मत देता आलं.

आईचा गुडघा कसा आहे?

पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे मतदान आहे. कंटाळा करू नका, जा. खूण चुकली तर ओरडू मात्र नका. तिथेही कुणाची तरी लेक बसलेली असेल.

तुमची,
धीट लेक