ईश्वरीनं आणलेली पुस्तकं

६ जानेवारी २०२५, सोमवार

संपलं एकदाचं. तीनशे बारा पानं! आणि गुपित काय — तर आजोबांचं दुसरं बिऱ्हाड. नातीला ते कळतं कसं, तर माळ्यावरच्या पेटीत आजीनं ठेवलेल्या चिठ्ठ्या सापडतात. मला हे पटतच नाही. जिला लपवायचंय ती बाई चिठ्ठ्या रिबन बांधून ठेवेल? पेटवून त्यावर चहा करून पिईल. भाषा मात्र गोड आहे. पण लेखकानं जन्मात कणीक मळलेली नाही, हे दहाव्या पानावरच कळतं.

मी दहावी पास, पण कादंबरीतली खोट मला भातातल्या खड्यासारखी लगेच लागते. गुडघ्यामुळे वाचनालयाचा जिना होत नाही, म्हणून माझी लेक ईश्वरी ऑफिसातून येताना पुस्तक आणते. दिवाळीपासून सगळी एकाच जातीची — घर आणि त्यातलं गुपित. विचारलं तर म्हणाली, कपाटात हेच असतं.

११ जानेवारी, शनिवार

या नव्या पुस्तकातली आत्या मरताना सगळं सांगून जाते. सलग दोन पानं बोलते — तीही न खोकता! आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा मी उशाशी होते. पाणी मागितलं, गॅस बंद केलास का विचारलं, आणि गेल्या. पोटातलं पोटातच घेऊन.

खरी गुपितं अशीच राहतात. त्यांना पेटी लागत नाही, कुलूप लागत नाही. आमचंच बघ. ईश्वरी माझ्या पोटची नाही. उज्वलावन्सांची. त्यांना तिसरी मुलगी झाली, सासरी तोंडं फिरली, आणि माझी कूस रिकामी. बाराव्या दिवशी सासूबाईंनी बाळ माझ्या ओटीत घातलं आणि सांगितलं, आता हा विषय नाही. सव्वीस वर्षं झाली. ईश्वरी त्यांना आत्या म्हणते. आज जाणणारे आम्ही तिघंच उरलोय — मी, हे आणि वन्सं. एकाचंही तोंड उघडलं नाही. कुठल्या लेखकाला जमेल हे?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. वन्सं रबाळ्याहून आल्या. ईश्वरीच्या हातावर तीळगूळ ठेवताना त्यांचा हात जरासा थांबतो. दरवर्षीच थांबतो. मीच दुसरीकडे बघते.

१७ जानेवारी, शुक्रवार

संकष्टी. चंद्राची वाट बघत गवार निवडत बसलो दोघी. नव्या पुस्तकातल्या पोरीला परक्याकडून कळतं, की ही आपली आई नाही. ती बॅग भरते आणि निघते! मी ईश्वरीला म्हटलं, हिला दोन मार्कसुद्धा देणार नाही मी. वाढवली कुणी? दुखण्याखुपण्यात उशाशी बसलं कोण?

ईश्वरी शेंगेच्या शिरा ओढत राहिली. मग म्हणाली, "ते तिला माहीतच आहे गं. ती खोट्यावर रागावलीय, आईवर नाही."

मी म्हटलं, एकच झालं.

"एकच कसं?"

चंद्र दिसला. उठले. पण मत बदललं नाही माझं. न सांगणारी आई त्या पुस्तकात सगळ्यात शहाणी आहे. लेखकानं उगीच तिला रडवलं.

२२ जानेवारी, बुधवार

उलव्याच्या स्थळाकडून होकार आला. मुलगा निशांत, विमानतळाच्या कामावर इंजिनिअर. शांत आहे. ईश्वरीला पसंत आहे. लग्न वैशाखात.

सगळं चांगलं. पण देव्हाऱ्यापुढे बसले आणि मनात आलं — लग्नात देवक कुठल्या कुळाचं बसवायचं? आमचं कळंब. वन्सांच्या सासरचं सूर्यफूल. माणसांपुढे गप्प बसले त्याचं मला काही वाटलं नाही कधी. पण देवाला आवतण देऊन त्याच्याच पुढ्यात खोटं मांडायचं?

ह्यांना विचारलं. ह्यांनी वाशीच्या बाजारात पोती वाहून संसार केला, जास्त बोलत नाहीत. "आपल्या घरात वाढली, आपलंच देवक," म्हणाले आणि बातम्या लावल्या. मला काही ते पुरेना.

२६ जानेवारी, रविवार

आज वाचलं नाही. जपही धड झाला नाही.

३० जानेवारी, गुरुवार

ईश्वरी कंपनीच्या कामाला पुण्याला. पुस्तकाची तारीख आज संपत होती, उगीच दंड कशाला? बसनं गेले, कठडा धरून एकेक पायरी चढले. वाचनालयातल्या नमितानं खुर्ची दिली. नाव ऐकून हसली.

"तुम्ही ईश्वरीच्या आई का? काकू, तुमची मुलगी फार शोधायला लावते हो."

मी म्हटलं, कपाटात असंच मिळतं म्हणते ती.

"छे हो. रजिस्टर बघा ना. ती सांगते तसं मी काढून ठेवते. म्हणते, आई स्वतःहून मुलीला सांगते, असं पुस्तक हवंय. आईला वाचायला द्यायचंय."

पाणी प्यायले. मग विचारलं, मिळालं का?

"नाही ना. सगळ्यांत मुलीलाच कुठूनतरी कळतं."

म्हणजे तिला ठाऊक होतं, कुठून ते देव जाणे. दिवाळीपासून पोर मला एकच गोष्ट विचारत होती — आणि मी लेखकांना मार्क देत बसले होते! मी वाईट ठरवलेलं एकेक पुस्तक आठवलं. प्रत्येक वेळी ती ऐकून घ्यायची, आणि दुसरं आणायची.

जिना उतरताना गुडघा दुखलाच नाही. लक्षच नव्हतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

गणेश जयंती. वन्सांना फोन केला. ईश्वरीला सांगायचं म्हटलं. त्या म्हणाल्या, "वहिनी, तुमीच सांगा. तुमच्याच तोंडून कळू दे तिला." देवाला विचारायचं होतं तेही विचारून झालं; त्याच्यापुढे खोटं मांडायचं नाही, एवढं ठरलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रथसप्तमी. ईश्वरीनं विचारलं, आज कुठलं आणू? म्हटलं, आणू नकोस. बस इथं.

लेखकांना तीनशे पानं लागतात. मला चार वाक्यं लागली. तीन मी बोलले. चौथं तिनंच पुरं केलं.