सेला अजून आलं नाही

६ जानेवारी १९७४

मिळालं! पिंपरी कँपातल्या रद्दीवाल्याकडे. इंग्रजी, जाडजूड, पुठ्ठा सुटलेला. बासष्टच्या चीनच्या लढाईवर एका निवृत्त फौजी अधिकाऱ्याने लिहिलंय.

बाबा दारातच उभे होते. पुस्तक हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं. त्यांना इंग्रजी येत नाही, तरी पानं चाळली.

"कस्तुरे पोरी, ज्ञानदेवची पलटण हाय का ह्यात?"

शेवटच्या सूचीत दादाची पलटण शोधली. आहे!

"मग लाव वाचायला."

चहासुद्धा घेऊ दिला नाही. आई चुलीपुढून उठली नाही. नुसतं म्हणाली, "पुस्तकात घावनार हाय व्हय त्यो?"

८ जानेवारी

ठरलं ते असं — मी कंपनीतून आले की तासभर वाचायचं आणि वाचता वाचता मराठीत सांगायचं. दिवसभर साहेबांचं टायपिंग, संध्याकाळी सेनापतींच्या मसलती!

आज सगळे नकाशेच. इंग्रजांनी डोंगरावर रेघ कुठे मारली, चीनने ती का मानली नाही. बाबा विडी विझवून ऐकत होते.

"मंजी बांधाचं भांडान."

म्हटलं, तसंच म्हणा.

"बांधापायी मानूस जातो. आपल्या गावात न्हाई का गेला."

१५ जानेवारी

अजून दिल्लीच चाललीय. कोणी कोणाला काय लिहिलं, कोण बैठकीला आला नाही, कोण ऐनवेळी आजारी पडला. चौक्या पुढे न्या म्हणाले, नेल्या. तिथे खायला काय पोचणार, कोणी विचारलं नाही.

बाबा रोज विचारतात, "सेला आलं का?"

"सेला अजून आलं नाही."

सेलाच्या खिंडीत दादाची पलटण होती, एवढंच आम्हाला माहीत. त्याच्या शेवटच्या कार्डावरून. पलटणीतली तुकडी, म्हणजे कंपनी, कुठली तेही त्याने त्यात लिहिलं होतं.

२२ जानेवारी

आज पुस्तकात थंडीचे कपडे आले. म्हणजे, न पोचलेले. पोरं सुती कपड्यांत, पातळ बुटांत बर्फाच्या डोंगरावर चढवली. मी सांगत गेले आणि बाबा एकदम उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळाने आले.

बाबांनी जन्मभर देहूरोडच्या डेपोत लष्कराची खोकी वाहिली.

"माझ्या हातनं दारूगोळाच गेला गं," म्हणाले. "एखादं कांबळं गेलं असतं तर..."

आई भाकरी थापत होती. हात थांबला. "मी स्वेटर दिला व्हता त्याला. निळा." आणि परत थापायला लागली.

दादाबद्दल आई इतकंही कधी बोलत नाही.

२३ जानेवारी

झोप नीट लागली नाही. दादा गेला तेव्हा मी बारा वर्षांची. तार आली — बेपत्ता. पुढच्या वर्षी चीनने कैदी सोडले, त्यांत तो नव्हता. मग सरकारचा कागद आला, मृत धरलं आहे म्हणून. धरलं! आई म्हणाली, "तुमी धरा. म्या न्हाई धरत." विहारातली वडीलधारी मंडळी घरी आली. गेलेल्यासाठीचं पुण्यानुमोदन करून घ्या, म्हणाली. आईने दारातूनच परतवली. "पोराचं मढं दावा, मग मेनबत्ती लावते."

तेव्हापासून दादाचा फोटो भिंतीवर आहे. त्याला हार नाही.

१ फेब्रुवारी

बाबांना ताप. तरी वाचून घेतलं. आता गोळीबार सुरू झालाय. पुस्तकात जवान नाहीत, फक्त आकडे आहेत. "अमक्या ठिकाणी इतके पडले." बाबा म्हणाले, "पडले मंजी काय, ज्वारी हाय का?"

९ फेब्रुवारी

सेला आलं.

पान आधी मनात वाचलं. दादाच्या कंपनीवर एकच वाक्य आहे. एकच! हुकूम यायच्या आधीच ही कंपनी जागा सोडून मागे फिरली, असं. पुढच्याच ओळीत दुसरी पलटण.

बाबा पुढे सरकून बसलेले. डोळे माझ्या तोंडावर.

मी म्हटलं, "या कंपनीने शेवटपर्यंत जागा सोडली नाही."

"परत वाच."

परत वाचलं. बोटसुद्धा फिरवलं ओळीवरून.

"आनि?"

"एवढंच आहे, बाबा."

"एवढंच?" मग स्वतःशीच, "जागा सोडली न्हाई."

अधिकारी खुर्चीत बसून लिहितो, जागा सोडली. काय घालून, काय खाऊन उभी होती पोरं त्या जागेवर? ते का नाही लिहिलं त्याने? पण म्हणून मी तरी का —

१२ फेब्रुवारी

बाबांनी सगळ्या वस्तीत सांगितलं. विहारात सांगितलं. सुमनताई नळावर म्हणाल्या, "तुझ्या दादाचं नाव पुस्तकात आलं म्हणे!" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

३ मार्च

आज रविवार. बाबांनी एका माणसाला घरी आणलं. ज्योतीराम. चाकणकडचा, फौजेतून सुटलेला, चिंचवडला एका कारखान्यात वॉचमन आहे. सेलाला होता, असं बाबांना बाजारात कळलं, तेव्हापासून त्याच्या मागे लागले होते. लंगडत आला. डाव्या पायाची बोटं बर्फाने गेलीत. "राम राम" म्हणून खाटेवर टेकला.

बाबा मला म्हणाले, "पुस्तकात काय लिवलंय ते सांग ह्यास्नी."

हा माणूस तिथे होता! तरी सांगितलं — शेवटपर्यंत जागा सोडली नाही. ज्योतीरामने माझ्याकडे पाहिलं. मग बाबांना म्हणाला, "व्हय काका. बरोबर लिवलंय."

मला रडू आलं. पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले.

बाबांनी विचारलं, "आमचा ज्ञानदेव बघितला का तुमी?"

ज्योतीरामने चहाचा कप खाली ठेवला. मग बोलायला लागला, खाली बघून —

"रस्ता चीनवाल्यांनी धरला व्हता. रानातनं चाललो, भूतानच्या अंगानं. भाकर न्हाई, काय न्हाई, पाला चावायचा. तुमचा पोरगा भेटला वाटंत. पाय सुजलं व्हतं त्याचं. एका वढ्याकाठी बसला. म्हनला, तुमी व्हा म्होरं, मी आलोच. मी न्हाई गेलो. बसलो त्याच्यापाशी. सकाळच्याला गेला. तरास न्हाई झाला. दगडं रचली आमी वर."

आई कधी दारात येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

"निळा स्वेटर व्हता का अंगात?"

ज्योतीराम थांबला. "व्हता, माय."

"तोंड कुनीकडं व्हतं?"

"खालतीकडं. घराकडं."

आई तिथेच खाली बसली. आणि रडली! अकरा वर्षांत पहिल्यांदा. बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. असा ठेवलेला मी कधी पाहिला नव्हता.

४ मार्च

कामावर गेले नाही. आई दिवसभर दादाबद्दल बोलत होती. त्याला गवारीची भाजी आवडत नसे. पावसात भिजून आला की मार खायचा. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

१० मार्च

पुण्यानुमोदन झालं. सगळी वस्ती आली. त्रिशरण, पंचशील म्हटलं. मेणबत्ती आईने स्वतः लावली, हारही तिनेच घातला.

ज्योतीरामला बोलावणं धाडलं होतं. आला नाही.

संध्याकाळी पुस्तक काढलं, तर बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता. म्होरचं ठावं हाय."

२४ मार्च

बाबा पाठ टेकली की झोपतात. आई ओव्या गुणगुणते. घरात कितीतरी वर्षांनी हवा खेळल्यासारखं वाटतं.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणुकीहून परतताना देहूरोडच्या बसथांब्यावर ज्योतीराम भेटला. मला बघून जागचा हललाच नाही.

"ताई, तुमचा भाऊ मी बघितला न्हाई कधी."

बस आली, ती मी जाऊ दिली.

"पुस्तकात तसलं काय लिवलेलं नसनार, मला म्हाईत व्हतं. तुमी बापासाठी बोललात. मग मीबी... वढ्याकाठचा पोरगा खरा हाय, ताई. दगडं खरी हाईत. नाव तेवढं ठावं न्हाई. कुनी इचारलंच न्हाई त्याला."

घरी आले. आई फोटोचा हार बदलत होती. मी काही सांगितलं नाही. सांगणारही नाही.

पण त्या पोराची आई कुठेतरी अजून हार घालू देत नसेल.