बंद हाये, चढा

१२ नोव्हें., घाटंजी
लकवा येऊन सत्तेचाळीस दिवस. ह्यांच्या तोंडात एकच शब्द उरला, लाइन. तीस वर्षं वायरमन होते, म्हणून असेल. माझं नाव उरलं असतं तर... जाऊ द्या. चहा पाहिजे, लाइन. पाठ खाजवून दे, लाइन. नातीचा फोन आला की हसून लाइन. सुरावरून ओळखते नि वहीत लिहिते. आजवर अकरा अर्थ झाले.

१५ नोव्हें.
लय शहाणी समजत होते स्वतःले. सकाळपासून लाइन, लाइन. पाणी दिलं, चष्मा दिला. शेवटी चिडून लाइन, म्हणजे नं. ४, शिवी. खिडकी उघडायची होती. रस्त्यानं कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. दोघं बघत बसलो. कापूस उडून गजांना चिकटत होता. दुपार कुठं गेली समजलं नाही.

१९ नोव्हें.
डॉ. रागावले. पायात ताकद आहे, म्हणे, पण महिनाभरात उभे नाही राहिले तर पाय आखडेल, मग खाटच जन्माची. तर काहून उठत नाहीत? तीन आठवडे तेच. काठी हातात देते, हे वर बघतात, विचारतात, "लाइन?" मी म्हणते, "हाये जी लाइन, पंखा फिरून राह्यला ना. उठा आता." की बसले परत. आज ओरडले मी. मग चुलीपाशी रडले.

२० नोव्हें.
दुपारी डोळा लागला. हे खांबावर, मी खाली डबा घेऊन. वरून काही विचारत होते. वाऱ्यात ऐकूच येत नव्हतं.

२३ नोव्हें.
राठोडभाऊ आले, ह्यांचे जुने जोडीदार. हे खांबावर असले की ते खाली डी.पी.च्या खटक्याजवळ. चहा दिला, ह्यांना काठी दिली. "लाइन?" मी तोंड उघडायच्या आधी रा.भाऊ बशी फुंकता फुंकता बोलून गेले, "बंद हाये, चढा."
हे उठले. भिंत धरून उभे राहिले.
रा.भाऊ म्हणे, "वहिनी, खालच्यानं बंद म्हटल्याबिगर वरचा तारेले हात नाही लावत. तुम्ही काय सांगून राह्यल्या होत्या?"
काय सांगू. रोज सांगत होते, हाये, हाये.

२८ नोव्हें.
आता मीच म्हणते, बंद हाये, चढा. खाटेपासून दारापर्यंत आठ पावलं. दारात ऊन अंगावर घेत उभे होते, डोळे मिटून. बाकीचे शब्द येतील का, डॉ. काही सांगत नाहीत.

२ डिसें.
वरच्या फळीवरचा डबा काढायचा होता. स्टुलावर एक पाय ठेवला नि गंमत म्हणून मीच विचारलं, "लाइन?"
हे बघत राहिले. मग ओठ मिटले, ब म्हणताना मिटतात तसे. मिटलेलेच राहिले, थरथरत. मी तशीच थांबले, एक पाय वर, एक खाली. वरण खाली लागल्याचा वास येत होता.
लागू दे म्हटलं.