परक्यांचा कोपरा

अण्णा, काल तुमच्या कबरीला चुना लावून आले. दर नोव्हेंबरात जुन्या जालन्यातून वाटूरची बस धरते आणि तुमची व माझ्या धाकट्या बहिणीची, दोन्ही कबरी एकाच बादलीतल्या चुन्यानं रंगवते. तुमच्या गाण्याच्या मंडळातली आता एकच बाई उरली आहे, ती उंच होती ती, पार वाकली. मेणबत्ती लावता लावता ती सहज म्हणाली, "मास्तर तर म्हनले व्हते, मला त्या कोपऱ्यात टाका." कुंपणाकडच्या ज्या कोपऱ्यात बेवारस आणि परगावचे लोक नुसत्या दगडांखाली पडले आहेत, तिकडं तिनं हात केला. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, मावशी?" "समद्या बायांना माहीत व्हतं की. पर पाळकांनी कुटं पुरायचं इचारलं तवा तू म्हनलीस, अण्णा काईच बोलले न्हाईत. पोटच्या पोरीम्होरं आमी काय बोलावं?" मग माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाली, "बहिनीशेजारी निजवलंस, बरं केलंस. लई माया तुझी." मला तिचा हात सहन झाला नाही.

एक संत तुम्ही आम्हाला तुकड्यातुकड्यानं सांगितला होता. ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या काळातला, सीरियाकडचा, गाणी रचणारा. त्यानं बायकांना चर्चमध्ये गायला उभं केलं, म्हणून तुम्हीही दिवसभर कापूस वेचून आलेल्या बायांना पेटीपुढं बसवलं. त्याला बिशप करायला माणसं आली तेव्हा तो वेड्याचं सोंग घेऊन बाजारातून धावत सुटला, हे सांगताना तुम्ही उठून, धोतराचा सोगा ओढत, खरंच तसे चालून दाखवायचे. हीच बाई तेव्हा म्हणाली होती, "मास्तर, बसा खाली. तुमाला कोन बिशप करून राह्यलंय?" सगळ्या हसल्या, तुम्हीही हसलात. शेवट मात्र तुम्ही खालच्या आवाजात सांगायचे. दुष्काळात त्यानं श्रीमंतांकडून धान्य काढलं, आजाऱ्यांसाठी ओसऱ्यांवर खाटा टाकल्या, त्यांचं केलं आणि त्यातच गेला. मरताना म्हणाला, मला चांगलं कापड नको, परक्यांमध्ये पुरा. एका धनवानानं तरी भारी वस्त्र घालायचं मनात धरलं, तर त्याचं डोकं फिरलं, आणि कबूल करेपर्यंत ताळ्यावर आलं नाही.

गावात उलट्याजुलाबाची साथ आली तेव्हा तुम्ही प्रार्थनेच्या खोलीत खाटा टाकल्या. मी अकरा वर्षांची, धाकटी सहाची. तुम्ही लोकांची घाण काढायचे, त्यांना चमच्यानं पाणी पाजायचे. आम्हाला तिकडं फिरकायला बंदी होती. दुपारी मात्र तुम्ही घरी जेवायला यायचे. अजून दिसतं. तुम्ही दारातून आत येता, आई चुलीपाशी आहे, तिथूनच विचारते, "हात धुतले का?" तुम्ही म्हणता, "धुतले की." ताटावर बसता, भाकरी मोडता आणि रोजच्यासारखा पहिला घास धाकटीला भरवता. ती तोंड उघडून बसलेलीच असते.

दोन दिवसांनी तिला उलट्या सुरू झाल्या. जालन्याला नेताना जीपमध्येच ती गेली, आईच्या मांडीवर. विहीर सगळ्यांचीच होती, असं आई मरेपर्यंत म्हणत राहिली. तसं असेलही. त्यानंतर तुम्ही पेटी उघडली नाही आणि पहिला घास कुणालाच दिला नाही. मला तर कधीच दिला नव्हता.

पुढं बऱ्याच वर्षांनी, खाटेवर पडल्या पडल्या, तुम्ही माझ्याकडून शब्द घेतलात. नवं कापड नको, भाषण नको, त्या कोपऱ्यात पुरा. मी हो म्हणाले. मनात म्हटलं, म्हणजे आता संतासारखी कबरही पाहिजे. आणि तुम्ही गेल्यावर मी औरंगाबादहून हिमरू शाल मागवली, तिच्यात तुम्हाला गुंडाळलं आणि धाकटीला लागून पुरायला लावलं. लोक काय म्हणतील या भीतीनं केलं, असं मी स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. तुम्ही कायम तिच्या शेजारी पडून राहावं, तोंड फिरवायला जागा मिळू नये, असं मला वाटत होतं. काल बसमध्ये पहिल्यांदा मनात आलं, की तुम्हाला संत व्हायचंच नसेल. तिच्या शेजारी पडायचा धीर नव्हता, म्हणून तो कोपरा मागितला असेल. आता तुम्हाला हलवता येत नाही.

हा कागद तिथं नेऊन वाचणार नाही. मावशीलाही सांगणार नाही. एवढंच लिहायचं राहिलं होतं. त्या दुपारी मी उंबऱ्याशी शेंगा फोडत बसले होते. रांजण माझ्या शेजारी, तांब्या त्यावर उपडा. तुम्ही न थांबता माझ्यावरून आत गेलात. तुमचे हात कोरडे होते. तुम्ही "धुतले की" म्हणालात तेही मी ऐकलं. बोलायला एक शब्द पुरला असता, अण्णा. पण मग पाणी घालायला मलाच उठावं लागलं असतं, आणि मला कंटाळा आला होता.