सुताराची हजेरी

४ तारीख
आक्का, पोचलो एकदाचा. टपाल बंद आहे, म्हणून वहीतच लिहून ठेवतो. बोटीवर पोटात काही ठरलं नाही, पण इथे झकास आहे. मुक्काम कुठे म्हणशील तर एका ओस पडलेल्या शाळेत. शाळेतून पळालो, तर लढाईनं कान धरून परत शाळेतच आणून बसवलं. बाक जोडून खाटा केल्यात. फळ्यावर कुणाचं तरी अर्धं गणित तसंच आहे. मी एका जागी ठरत नाही हे हवालदारानं लगेच ओळखलं. म्हणाला, याच्या पायाला भिंगरी आहे, याला निरोप्या करा. आईचं दुखणं सांगून रजेचा अर्जही टाकला. अजून बूट वाळले नाहीत आणि निघाला घरी, म्हणून हसला, पण अर्ज पुढे पाठवला. आईला एकदा भेटलो की मग काही मागत नाही.

७ तारीख
हजेरी सकाळी मैदानात. धुकं इतकं की शेजारचा दिसत नाही, सगळं आवाजावर. आज एक गंमत कळली. आमच्या तुकडीत एक सुतार होता. मी यायच्या आधी त्याच्यावर तोफगोळा पडला, पुरायलासुद्धा काही उरलं नाही. पण पटावरून नाव गेलं की शिधा कमी. म्हणून त्याचं नाव आलं की कुणीतरी 'हजर' म्हणतं, हवालदार कानाडोळा करतो आणि त्याचा पाव सगळे वाटून खातात. हे काम नव्या माणसाचं. आचारी म्हणाला, मेलेल्याला पोट नाही, जित्यांनी का उपाशी राहायचं. मग मी घोगरा आवाज काढून 'हजर' म्हणालो. सगळे हसले. मीही.

१२ तारीख
सुताराचा आवाज माझ्याकडे, म्हणून त्याची खाट आणि खाटेखाली राहिलेले जादा बूटही माझ्याकडे. बूट असे बसले की माझ्याच मापाचे. दुपारी आचाऱ्यानं मला सुतार म्हणून हाक मारली. चेष्टाच. मी ओ दिली, तर आवाज घोगराच निघाला. थंडी बाधली असेल.

१७ तारीख
सुताराचं नाव आलं, मी 'हजर' म्हणालो. मग माझं नाव आलं. मी तोंड उघडायच्या आत मागून कुणीतरी 'हजर' म्हणालं. माझ्याच आवाजात, माझ्यासारखंच घाईघाईनं. वळून बघितलं, तर रांगेत शेवटचा मीच. मागे नुसतं धुकं.
पोरं फिरकी घेतायत असं वाटलं. आचाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, निरोप्या असेल, त्याला कुठे गप्प बसवतं. मी म्हटलं, अरे निरोप्या मीच. त्यानं माझ्यापुढे थाळी सरकवली. मग हळूच म्हणाला, सुतारा, जेवून घे.

१९ तारीख
आज बोलायचंच नाही ठरवलं. दातावर दात दाबून उभा होतो. तरी सुताराचं नाव आल्यावर 'हजर' माझ्याच घशातून आलं. माझ्या नावाला जीव खाऊन ओरडलो — ओठ हलले, आवाज नाही. मागचा बोलला. परवाच्यापेक्षा जवळून.
हवालदाराचे पाय धरले. तो माझ्या आरपार मैदानाकडे बघत बिडी ओढत राहिला.

२१ तारीख
माझ्या वाट्याचा पाव आज सगळ्यांनी वाटून खाल्ला. माझ्यासमोर. मला भूकही लागली नाही, आक्का.

२२ तारीख
रजा मंजूर. माझं नाव वाचलं आणि मागचा पुढे झाला. सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या — त्याच्या तोंडावर माझंच हसू — घरी निघालेल्या माणसाचं.
ट्रक सुरू आहे. पळत आलोय. ड्रायव्हरला वही देऊ केली, त्याला माझा हात दिसत नाही.
आईला हल्ली धड दिसत नाही. आवाज ऐकला की गळ्यातच पडेल — तिला आवर —
त्याला मात्र मी दिसतो. वाकून हात पुढे केलाय. म्हणतो, आण इकडे वही, आक्कालाच द्यायची ना.
दुसरा रस्ता नाही. देतो. पण ध्यानात ठेव आक्का, ही वही ज्याच्या हातून तुला मिळेल, तो मी ना