आरोळीसकट रेकॉर्ड

रेडी, ४ फेब्रुवारी २०२५

चि. आकांक्षा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

मी, वासुदेव लाडोबा कांबळी, वय ब्याऐंशी, शिक्षण चौथी उत्तीर्ण, व्यवसाय जॅझ व्हायोलिनवादन, मुंबईच्या हॉटेलांतून निवृत्त, लिहून देतो की, फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून हे पत्र.

तू माझी पुतणी खरी, पण रेकॉर्ड कंपनीत नोकरीस आहेस. देवळासमोरील माझ्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणातून ‘होय म्हाराजा’ ही आरोळी कंपनी कापणार, असे तू कळविलेस. माझी सक्त हरकत आहे. वाजविताना माझी बोटे आखडली, धून तुटली. देवापुढे गाऱ्हाणे घालताना गावकर थांबला की लोक ‘होय म्हाराजा’ म्हणतात. श्रोत्यांतील भिकाजी परब यास वाटले, हेही तसेच. तो ओरडला, पाठोपाठ सारी सभा ओरडली. त्या आरोळीस मी व्हायोलिनच्या तारेवर उत्तर दिले. आरोळी कापलीत तर माझे उत्तर कोणास?

पोरीचा कैवार घेऊन तुझी काकू म्हणते की चेडवाक इतक्या कडक लिहू नकात. मी लिहिले आहे.

तुझा काका,
वासुदेव

मुंबई, ११ फेब्रुवारी

ती. स्व. भाईकाका यांस सा. न. वि. वि.

‘लिहून देतो’ वाचून आधी हसले, मग घाबरले. साहेब ऐकत नाहीत. आरोळी काढा, तुटलेली जागा सरावातल्या वादनाने सांधा, म्हातारपण ऐकू येता कामा नये, म्हणतात. नाहीतर रेकॉर्ड रद्द. काका, जन्मभर दुसऱ्यांच्या मागे उभे राहून वाजवलंत. तुमच्या नावाची ही पहिलीच रेकॉर्ड. हट्ट सोडा ना! भिकाजीदादा एरवीही आगाऊच.

सोबत संमतिपत्र आहे, सही करा. न कापलेलं मुद्रण पेन ड्राइव्हवर पाठवते. फक्त घरीच ऐका हं. काकूला नमस्कार. रागावलात तरी लोभ आटू देऊ नका.

आपली,
आकांक्षा

रेडी, १७ फेब्रुवारी

चि. आकांक्षा हिस आशीर्वाद.

संमतिपत्र सहीविना परत पाठवीत आहे. म्हातारपण ऐकू येते, कारण ते आहे. सरावाच्या दिवशीचा धडधाकट हात आणून त्या दिवशीच्या हातास जोडणे मला मान्य नाही. तुझ्यावर राग नाही. साहेबांस हे पत्र जसेच्या तसे दाखवावे.

घरी ऐकण्याची तुझी अट मोडली आहे. काल सायंकाळी देवळाच्या कर्ण्यावर संपूर्ण मुद्रण लावले. धून तुटली तेथे मी मान खाली घातली नाही. आरोळी आली तेव्हा भिकाजीने विचारले की ह्यो कोण रे बोंबलता? सर्वांनी त्याच्याकडेच बोट दाखविले.

सबब, माझी रेकॉर्ड काल रेडी येथे निघाली. कंपनीस कळवावे.

समक्ष हजर साक्षीदार :
सौ. यशोदा वासुदेव कांबळी, पत्नी
भिकाजी परब
कौस्तुभ, कर्णेवाला
आणि बंदरावरून वर आलेली माणसे, ज्यांनी शेवटपर्यंत उभ्याने ऐकले.